कण बारीक झाला तरी धातू मऊ का पडतो? नॅनोस्फटिकी निकेलच्या काठिण्याबद्दल प्रश्न

स्फटिका (प्रश्न)

नमस्कार. मी धातुशास्त्रात एम.टेक. करते आहे आणि विद्युतलेपनाने तयार केलेल्या नॅनोस्फटिकी (नॅनोमीटरच्या मापाच्या कणांच्या) निकेलचे काठिण्य हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. वॉट्स बाथमध्ये (निकेल लेपनाच्या नेहमीच्या द्रावणात) सॅकरीन घालून आणि पल्स करंट वापरून मी निकेलचे जाड थर चढवले, ते तळाच्या पत्र्यापासून सोडवून घेतले आणि पॉलिश करून त्यांचे विकर्स काठिण्य (हिऱ्याच्या टोकाने उमटवलेल्या ठशावरून) मोजले. कणांचा आकार क्ष-किरण विवर्तनातील शिखरांच्या रुंदीवरून, शेररच्या सूत्राने काढला आहे.

माझ्याकडे नमुन्यांचे दोन संच आहेत. पहिल्या संचातला प्रत्येक नमुना वेगळ्या परिस्थितीत लेपलेला आहे. करंट डेन्सिटी आणि सॅकरीनचे प्रमाण बदलत गेल्यामुळे त्यांचा कणाकार सुमारे २० नॅनोमीटरपासून काहीशे नॅनोमीटरपर्यंत पसरलेला आहे. दुसऱ्या संचासाठी मी सर्वांत बारीक कणांचा एकच पत्रा घेतला, त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या तापमानाला तासभर तापवला.

पहिल्या संचाचा आलेख हॉल-पेच नियमाप्रमाणे (कण जितका लहान, तितका धातू कठीण) बऱ्यापैकी सरळ रेषेत येतो. दुसऱ्या संचात मात्र १०० ते १५० अंश सेल्सिअसला तापवलेल्या तुकड्यांचे काठिण्य मूळ पत्र्यापेक्षा जास्त भरते, आणि त्यांचा कणाकार मात्र फार तर किंचित वाढलेला दिसतो. २५० अंशांच्या वर गेले की काठिण्य झपाट्याने उतरते. त्यामुळे या संचाच्या आलेखात बारीक कणांच्या टोकाला रेषा उलट वळते आणि ‘कण जितका लहान, तितका धातू मऊ’ असे चित्र उभे राहते. हा व्यस्त हॉल-पेच परिणाम आहे आणि तसेच लिहावे, असे मला सुचवण्यात आले आहे. पण पत्रा तोच, कणही जवळपास तेवढेच, तरीही काठिण्य वाढले, याचे स्पष्टीकरण मला त्या नावातून मिळत नाही. हॉल-पेच नियम नेमका कुठे आणि का मोडतो, आणि माझ्या आलेखाला ते नाव देणे योग्य ठरेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

मृदुलोह

स्फटिका, तुमची शंका अगदी योग्य ठिकाणी आहे, आणि ती या विषयाच्या इतिहासातही याच ठिकाणी आली होती. आधी नियम कुठे थांबतो ते पाहू, मग तुमच्या दुसऱ्या संचाकडे येतो.

हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये मृदू पोलादावरून जो संबंध मांडला, त्यानुसार यील्ड सामर्थ्य (धातू कायमचा आकार बदलू लागतो ते प्रतिबल) हे एक स्थिर पद अधिक कणाकाराच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात वाढणारे पद असे असते. त्यामागची नेहमीची कल्पना अशी की एकाच घसरण-प्रतलावरून येणारी डिसलोकेशन्स (अणूंच्या रचनेतील सरकणारे रेषीय दोष) कणसीमेपाशी, म्हणजे दोन कणांमधल्या हद्दीपाशी, अडतात, एकामागे एक दाटत जातात, आणि त्या रांगेच्या टोकाशी साठलेले प्रतिबल पलीकडच्या कणात घसरण सुरू करते. कण मोठा असेल तर रांग लांब, म्हणून बाहेरून थोडा जोर लावला तरी पुरतो. कण लहान असेल तर रांग आखूड, म्हणून जोर जास्त लागतो.

आता ही रांग किती लांब असते ते प्रत्यक्ष मोजून पाहा. आकडे तांब्याचे घेतो, कारण त्याचे हॉल-पेच स्थिरांक चांगले माहीत आहेत: स्थिर पद सुमारे २५ मेगापास्कल आणि उताराचा स्थिरांक सुमारे ०.११ मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ. कण १०० मायक्रोमीटरचा असेल तर सामर्थ्य ३६ मेगापास्कलच्या आसपास येते; १ मायक्रोमीटरला सुमारे १३५, १०० नॅनोमीटरला सुमारे ३७०, आणि २५ नॅनोमीटरला सुमारे ७२०. या प्रत्येक पायरीवर रांगेत किती डिसलोकेशन्स मावतात, हे ठरावीक सूत्राने काढता येते: कणाची लांबी गुणिले कर्तन प्रतिबल, भागिले कर्तन गुणांक गुणिले बर्गर्स सदिश (एका डिसलोकेशनने होणारी सरक), आणि या सगळ्याला साधारण २ ने गुणायचे. कर्तन प्रतिबल म्हणून सामर्थ्याचा तिसरा हिस्सा, कर्तन गुणांक ४८ गिगापास्कल आणि बर्गर्स सदिश ०.२५६ नॅनोमीटर धरला, तर १०० मायक्रोमीटरच्या कणात रांगेत सुमारे दोनशे डिसलोकेशन्स बसतात. १ मायक्रोमीटरला ती सात-आठ उरतात. २५ नॅनोमीटरला उत्तर एक येते.

एक म्हणजे रांगच नाही. ज्या यंत्रणेवर नियमाचे स्पष्टीकरण उभे आहे, ती यंत्रणाच तिथे संपते. गणित ढोबळ आहे, त्यामुळे सीमा नेमकी २५ वर आहे असे मी म्हणणार नाही. ती धातूगणिक बदलते, कारण बर्गर्स सदिश, कर्तन गुणांक आणि कणसीमेचा अडथळा हे सगळेच बदलतात. पण दोन अंकी नॅनोमीटरच्या पट्ट्यात केव्हातरी हे घडणारच, इतके त्यावरून निश्चित कळते. त्याखाली डिसलोकेशन कणाच्या आत जन्म न घेता एका कणसीमेतून निघते, कण ओलांडते आणि समोरच्या कणसीमेत शोषले जाते. त्याहूनही लहान कणांत कणसीमांवरूनच अणू सरकू लागतात. कणसीमेची जाडी सुमारे १ नॅनोमीटर धरली तर १०० नॅनोमीटरच्या कणांच्या धातूत कणसीमांचा वाटा जेमतेम ३ टक्के असतो, १० नॅनोमीटरला तो ३० टक्क्यांच्या घरात जातो. इतका मोठा हिस्सा असलेल्या घटकाची स्थिती कशी आहे, याला मग पहिल्या दर्जाचे महत्त्व येते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

व्यस्त परिणामाची चर्चा १९८९ मध्ये चोक्सी, रोझेन, कार्श आणि ग्लायटर यांच्या शोधनिबंधाने सुरू झाली. अतुल चोक्सी पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. त्यांनी नॅनोस्फटिकी तांबे आणि पॅलॅडियम घेतले, कण बारीक होत जाताना काठिण्य कमी होते असे दाखवले, आणि खोलीच्या तापमानालाच कोबल क्रीप होत असावे, म्हणजे कणसीमांवरून अणूंचे विसरण होऊन धातू आकार बदलत असावा, असे स्पष्टीकरण दिले. कोबल क्रीपचा वेग कणाकाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. कण १०० वरून १० नॅनोमीटरवर आणला की वेग हजारपट वाढतो. कल्पना म्हणून ती अतिशय आकर्षक होती आणि तिने पुढच्या सगळ्या संशोधनाला दिशा दिली, यात शंका नाही.

परंतु त्या काळचे नमुने निष्क्रिय वायूत धातूची वाफ थंड करून मिळवलेली भुकटी दाबून बनवलेले असत. त्यांत सच्छिद्रता राहायची. १९९२ मध्ये जूलिया वीर्टमन, सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोपर्यंतचे तांबे आणि पॅलॅडियमचे निकाल वेगळे मांडून पाहिले, तेव्हा एक ठळक गोष्ट पुढे आली: वेगवेगळे तयार केलेले नमुने घेतले की बहुतांशी नेहमीचा हॉल-पेच कल दिसतो, आणि एकच नमुना तापवत तापवत कण वाढवले की ‘कण बारीक, तितका धातू मऊ’ असा उलटा कल दिसतो. तुमचे दोन संच नेमके हेच दोन मार्ग आहेत. तापवताना फक्त कण वाढत नाही. कणसीमा शिथिल होऊन कमी ऊर्जेच्या रचनेत बसतात, लेपनात अडकलेला हायड्रोजन बाहेर पडतो, अशुद्ध द्रव्ये कणसीमांकडे सरकतात. आडव्या अक्षावर आपण फक्त कणाकार लिहितो आणि बाकी सगळे बदल त्याच्या खात्यावर जमा होतात.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: दुसऱ्या संचाच्या आलेखाला व्यस्त हॉल-पेच म्हणू नका. तो कणसीमांच्या शिथिलीकरणाने आलेला काठिण्यवाढीचा परिणाम आहे असे म्हणा, आणि तसे सिद्ध करता येईल इतकी मोजमापे सोबत द्या. निकेल-टंगस्टनच्या विद्युतलेपित मिश्रधातूंत शूह यांच्या गटाने आणि शुद्ध नॅनोस्फटिकी निकेलमध्ये इतरांनीही, कण फारसे न वाढता हलक्या तापवणीने सामर्थ्य वाढल्याचे दाखवले आहे. तुम्ही एकट्या नाही.

---

क्षकिरण

मृदुलोह यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी फक्त मोजमापाबद्दल लिहितो, कारण परीक्षक सर्वप्रथम तिथेच बोट ठेवतील.

तांब्याच्या के-अल्फा किरणांनी निकेलचे (१११) शिखर सुमारे ४४.५ अंशांवर येते. २० नॅनोमीटरच्या कणांमुळे त्याची रुंदी सुमारे ०.४३ अंश होते, ती नीट मोजता येते. कण १०० नॅनोमीटरचा झाला की हीच रुंदी ०.०९ अंशांवर येते, आणि प्रयोगशाळेतल्या साध्या उपकरणाची स्वतःची रुंदी साधारण तेवढीच असते. त्यामुळे तुमच्या पहिल्या संचातले ‘काहीशे नॅनोमीटर’ शेररच्या सूत्राने काढलेले असतील तर त्या आकड्यांवर विसंबता येणार नाही. ते बिंदू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या चित्रांवरूनच घ्यावे लागतील.

दुसरे असे की शिखर रुंद होण्यामागे दोन कारणे असतात, लहान कण आणि जालकातील सूक्ष्म विकृती. हलकी तापवणी करताना सूक्ष्म विकृती कमी होते, शिखर अरुंद होते, आणि शेररचे सूत्र त्याचा अर्थ ‘कण वाढला’ असा लावते. तुम्हाला १५० अंशांना दिसलेली किंचित कणवाढ कदाचित कणवाढ नसेलच. विल्यमसन-हॉल पद्धतीने निदान चार-पाच शिखरे घेऊन दोन्ही कारणे वेगळी करा, आणि लेपित निकेलमध्ये स्फटिकांना विशिष्ट दिशेचा कल असतो, त्यामुळे (१११) आणि (२००) या शिखरांतून येणारे आकडे वेगळे निघाले तर त्यांची सरासरी काढून मोकळे होऊ नका. विवर्तनातून मिळते ती सुसंगत विवर्तन करणाऱ्या प्रदेशाची लांबी, तीही आकारमानाने भारित. एका कणात जुळी सीमा असेल तर विवर्तनाला तो एक कण दोन भागांसारखा दिसू शकतो. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात काळ्या पार्श्वभूमीच्या चित्रांवरून दोन-तीनशे कण मोजले तर सरासरीबरोबर विभागणीही कळेल. २५० अंशांच्या तुकड्यात बहुधा बारीक कणांच्या मध्ये काही कण भरमसाट वाढलेले दिसतील, आणि तसे असेल तर ‘सरासरी कणाकार’ या शब्दालाच त्या तुकड्यापुरता अर्थ राहत नाही.

काठिण्याच्या बाबतीत पत्र्याची जाडी ठशाच्या खोलीच्या किमान दहापट असल्याची खात्री करा. विकर्स ठशाची खोली त्याच्या कर्णाच्या सातव्या हिश्श्याएवढी असते, त्यामुळे ही तपासणी कागदावरच होते.

---

भोसरीकर

मी संशोधक नाही. औद्योगिक प्लेटिंगच्या कामात बरीच वर्षे आहे, आणि हे दोन्ही प्रतिसाद वाचताना सॅकरीनबद्दल कोणीच थांबून लिहिले नाही म्हणून लिहीत आहे.

सॅकरीनमध्ये गंधक असते. लेपनात त्याचा काही भाग निकेलमध्ये अडकतो, आणि कण बारीक ठेवण्यात त्याचाच मोठा हात असतो. तुमच्या पहिल्या संचात सॅकरीन बदलले म्हणजे गंधकही बदलले. तेव्हा तो संचसुद्धा फक्त कणाकाराचा संच नाही; सर्वांत बारीक कणांचा नमुना हाच बहुधा सर्वांत जास्त गंधकाचाही नमुना आहे. तापवल्यावर हे गंधक कणसीमांवर गोळा होते आणि लेप ठिसूळ होतो. काठिण्याच्या यंत्रावर ते कळत नाही, कारण ठसा घेताना धातू दाबाखाली असतो. पत्रा हाताने वाकवला की लगेच कळते: कच्चा (न तापवलेला) पत्रा वाकतो, चांगला भाजलेला पत्रा कडकन तुटतो आणि तुटलेला भाग दाणेदार, मंद दिसतो. तुमचे सगळे तुकडे एकदा वाकवून पाहा आणि तुटलेल्या पृष्ठभागाची चित्रे घ्या. शक्य असेल तर प्रत्येक नमुन्याचे गंधकाचे रासायनिक विश्लेषण करून घ्या. लेपाची नोंद गंधकाच्या आकड्याशिवाय अपुरी समजावी असे मला वाटते.

आणखी एक. कठीण पोलादाच्या भागांवर लेप दिल्यावर हायड्रोजन काढण्यासाठी आमच्याकडे १९० ते २२० अंशांना काही तास बेकिंग करण्याची पद्धत आहे. म्हणजे तुमचा हलक्या तापवणीचा पट्टा आणि भट्टीतले रोजचे बेकिंग यांत फार अंतर नाही. कठीण पोलादावर बारीक कणांच्या निकेलचा लेप दिलेला भाग ग्राहकाकडे जातो तेव्हा तो बाथमधून निघालेल्या स्थितीत नसतोच, भाजलेल्या स्थितीत असतो. तुमचा प्रबंध या दृष्टीने उपयोगाचा आहे, त्यामुळे १५० आणि २५० च्या मध्ये, विशेषतः २०० अंशांच्या आसपास, तुकडे वाढवता आले तर अवश्य वाढवा.

---

स्फटिका

तिघांचेही मनापासून आभार. गंधकाचे विश्लेषण करून घेण्याची व्यवस्था होऊ शकेल, आणि सूक्ष्मदर्शकाची वेळही मागितली आहे.

मृदुलोह सर, एक शंका राहिली. समजा परीक्षकांनी विचारले की तुमच्या मूळ पत्र्याचा मऊपणा कोबल क्रीपमुळे नाही हे कशावरून, तर २० नॅनोमीटरच्या निकेलसाठी मी ते प्रयोगाने दाखवू शकेन का? आणि शिथिलीकरण हे कारण आहे हे दाखवणारा एखादा थेट प्रयोग आहे का?

---

मृदुलोह

पहिल्यासाठी दाब देण्याचा वेग बदलून काठिण्य मोजा. नॅनोइंडेंटर (अतिशय लहान ठसे घेणारे यंत्र) मिळाला तर उत्तम. विकृतीच्या वेगाबरोबर प्रतिबल किती वाढते, याचा घातांक कोबल क्रीपमध्ये १ असायला हवा. मोठ्या कणांच्या निकेल-तांब्यासारख्या धातूंत तो ०.०१ च्याही खाली असतो, नॅनोस्फटिकी धातूंत तो काही पटींनी वाढून ०.०२ किंवा थोडा अधिक होतो, पण १ च्या जवळपासही जात नाही. समजा तुम्हाला ०.०२ मिळाला आणि काठिण्य ६ गिगापास्कल असले, तर खोलीच्या तापमानाला त्यावरून निघणारे सक्रियण-आकारमान (घसरणीच्या एका पायरीत भाग घेणाऱ्या अणूंचे ढोबळ आकारमान) बर्गर्स सदिशाच्या घनाच्या सुमारे १२ पट येते. मोठ्या कणांत, जिथे डिसलोकेशन्स एकमेकांना छेदत पुढे जातात, हा आकडा शेकड्यांत ते हजारांत असतो. शुद्ध विसरणात तो एका अणूच्या आकारमानाएवढा असतो. १२ हा मधला आकडा कणसीमेतून एकेक डिसलोकेशन सुटण्याशी जुळतो. कच्चा आणि १५० अंशांचा, असे दोन्ही तुकडे मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी छापा.

दुसऱ्या प्रश्नाला २००६ च्या एका कामात सुंदर नमुना आहे. हुआंग, हान्सेन आणि त्सुजी यांनी वारंवार लाटून-जोडून अतिसूक्ष्म कणांचे केलेले ॲल्युमिनियम १५० अंशांना अर्धा तास तापवले. ते मऊ व्हायला हवे होते, पण त्याचे सामर्थ्य वाढले. मग तेच तापवलेले ॲल्युमिनियम १५ टक्के थंड लाटले, तेव्हा सामर्थ्य पुन्हा उतरले आणि तन्यता वाढली. तापवणीने डिसलोकेशन्सचे उगम निघून गेले होते, लाटण्याने ते परत आले. तुमचे निकेल ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी बारीक कणांचे आहे, त्यामुळे यंत्रणा तीच असेल असे गृहीत धरू नका, पण प्रयोगाची आखणी तीच वापरता येईल: १५० अंशांना कठीण झालेला तुकडा थोडासा थंड लाटा, लाटण्याआधी आणि नंतर सर्व शिखरांची रुंदी मोजा, आणि पुन्हा काठिण्य घ्या. कणाकार तोच राहून काठिण्य खाली आले, तर कणाकाराला त्या बदलाचे श्रेय देता येणार नाही.

शेवटच्या टोकाबद्दल, म्हणजे १० नॅनोमीटरच्याही खाली, खरोखरचा मऊपणा असतो असे मला वाटते. डेन्मार्कमधील शिओत्स आणि याकोबसेन यांनी २००३ मध्ये संगणकावरील अनुकरणातून तांब्याचे सर्वाधिक सामर्थ्य १० ते १५ नॅनोमीटरला दाखवले, अर्थात त्या अनुकरणांतील विकृतीचा वेग आपल्या यंत्रांपेक्षा अब्जावधी पटींनी मोठा असतो. प्रयोगाच्या बाजूने चीनमधील शेन्यांगच्या लू यांच्या गटाने २०१७ मध्ये विद्युतलेपित निकेल-मोलिब्डेनमवर दाखवले की याच आकारांत कणसीमा तापवणीने आणि मोलिब्डेनमच्या साठ्याने स्थिर केल्या, तर मऊ पडणारा धातू पुन्हा कठीण होतो. तुमच्या प्रबंधातील चर्चेच्या प्रकरणात हे काम मध्यवर्ती असायला हवे. तुमचा २० नॅनोमीटरचा पत्रा त्या टोकापर्यंत पोहोचलेला नाही, म्हणून त्याच्या मऊपणाला ते कारण लावू नये.

---

भोसरीकर

लाटण्याचा प्रयोग करताना २०० अंशांच्या पुढे भाजलेले तुकडे घेऊ नका, गंधकामुळे ते कडेने चिरतील. १५० चा तुकडा घ्यावा, कडा आधी पॉलिश कराव्यात, आणि एका फेरीत पूर्ण घट न करता दोन-तीन हलक्या फेऱ्यांत करावी.